आपलं गाव म्हाताऱ्या माणसांसाठी किती सुरक्षित? तपासणी कशी करायची, टप्प्याटप्प्याने

ज्येष्ठांची सुरक्षा म्हटलं की ग्रामपंचायत चौकात कॅमेरा बसवते, वेशीवर फलक लावते आणि विषय तिथेच संपतो. काही गावं पाहणीही करतात. रविवारी सकाळी चार-पाच जण निघतात, ओट्यावर बसलेल्या बाबांना "काही अडचण शे का?" असं विचारतात, "काही नही भो, सगळं बरं शे" हे उत्तर लिहून घेतात आणि पुढच्या घरी जातात. अशा पाहणीतून काहीच हाती लागत नाही. रविवारी सकाळी पोरं घरात असतात. ओट्यावर येऊन बसणारा माणूस चालता-फिरता असतो. आणि चारचौघांत आपल्या घरातली अडचण कोणी सांगत नाही.

मोजायची गोष्ट खरं तर एकच आहे. घरात एकटं असलेलं म्हातारं माणूस मोरीत घसरून पडलं, तर ते बाहेर कुणाला कळायला किती वेळ लागेल? एखाद्या गल्लीत दहा मिनिटांत कळतं, एखाद्या गल्लीत शेतातली माणसं परत येईपर्यंत, म्हणजे दिवे लागेपर्यंत, कळत नाही. पुढचे सगळे टप्पे हा वेळ शोधण्यासाठी आणि कमी करण्यासाठी आहेत. ते दिलेल्या क्रमानेच करा.

आधीची तयारी

चार ते सहा माणसं पुरतात. त्यांत आशा ताई किंवा अंगणवाडी सेविका हवीच, कारण कोणत्या घरात कोण अंथरुणावर आहे हे त्यांना आधीपासून माहीत असतं. पोलीस पाटलांना सोबत घ्या. विजेचं काम येणारा एक माणूस घ्या, निवृत्त वायरमन मिळाला तर उत्तम. प्रत्येक घरात जाताना एक तरी बाई सोबत असावी, नाहीतर एकट्या आजी मोरी आणि संडास दाखवणार नाहीत.

भाषेचा विचार आधी करा. धुळे, अमळनेर, शिरपूर पट्ट्यात अहिराणी, यावल-रावेरकडे लेवा बोली, सातपुड्यात भिली किंवा पावरी. प्रमाण मराठीत फॉर्ममधले प्रश्न वाचून दाखवले की समोरचं माणूस "हो" किंवा "नाही" एवढंच बोलतं. घरच्या बोलीत गप्पा मारणारा माणूस पथकात असला की निम्मं काम होतं.

सोबत वही, टॉर्च, मोजपट्टी, टेस्टर आणि सेकंदकाटा असलेलं घड्याळ ठेवा. भाऊबंदकीचा वाद चालू असलेल्या घरात त्या वादातला माणूस पाठवू नका.

टप्पा १ : यादी

मतदार यादीतून साठीच्या वरची नावं काढून काम सुरू करतात. सुरुवात म्हणून ते ठीक आहे, पण तिथेच थांबणं ही सर्वांत जास्त होणारी चूक. मतदार यादीत वय कळतं, घरात सोबत कोण आहे ते कळत नाही. ती यादी आशा ताईंच्या नोंदींशी आणि एका माणसाच्या रेशन कार्डांशी ताडून पाहा.

मग प्रत्येक नावापुढे चारपैकी एक खूण करा.

१. पूर्ण एकटे राहणारे.
२. दोघंच म्हातारे, त्यांतलं एक दुसऱ्याची सेवा करणारं.
३. कुटुंबात राहणारे, पण दिवसा किंवा रात्री काही तास एकटे.
४. गावाबाहेर मळ्यात, शेतातल्या घरात राहणारे.

तिसरी खूण सगळ्यांत जास्त ठिकाणी पडते आणि पाहणीत नेमकी तीच सुटते. "त्यांचा मुलगा आहे ना घरी" असं म्हणून पुढे जाऊ नका. मुलगा घरी कधी असतो, ते पुढच्या टप्प्यात शोधायचंय. ज्यांचा मुलगा सुरतेला कामाला आहे आणि जे सहा महिने तिकडे, सहा महिने इकडे असतात, त्यांचीही नोंद घ्या. मुलीच्या गावी येऊन राहिलेल्या आजींचं नाव तर तुमच्या मतदार यादीत नसतंच.

इशारा : ही यादी व्हॉट्सॲपवर टाकायची नाही. कोणत्या घरात कोण एकटं आहे आणि केव्हा, याची यादी चोराच्या हाती पडली तर त्याला आणखी काही शोधावं लागत नाही. एकच कागदी प्रत ठेवा, ती कुणाकडे राहील ते ठरवा. दुसरी प्रत फक्त पोलीस ठाण्यात द्या. ज्येष्ठ नागरिक कायद्याखालच्या नियमांत ठाण्याने एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी ठेवावी आणि महिन्यातून किमान एकदा त्यांची भेट घ्यावी अशी तरतूद आहे, तेव्हा प्रत देताना ती भेट केव्हापासून सुरू होणार हेही विचारून घ्या.

टप्पा २ : गाव रिकामं केव्हा होतं

धोका रात्रीचा असतो असं आपण धरून चालतो. खान्देशात गाव सगळ्यांत रिकामं असतं ते कापूस वेचणीच्या दिवसांत, दुपारी. सकाळी भाकरी बांधून घरातली धडधाकट माणसं, बायका, मोठी पोरं सगळी शेतात जातात. मागे राहतात म्हातारी आणि लेकरं. बाजाराच्या दिवशी पुन्हा तेच. लग्नसराईत सगळं घर वऱ्हाडात जातं आणि घर राखायला आजोबांना ठेवतात.

रात्रीचं एकटेपण वेगळ्या कारणाने येतं. शेतीच्या पंपाची थ्री फेज लाईट पाळीने मिळते. पाळी रात्रीची असली की मुलगा पाणी द्यायला मळ्यात, आणि घरात आई एकटी. शेजारच्या घरातलाही त्याच फीडरवर, म्हणजे विजेच्या त्याच लाईनवर, असतो, म्हणून त्या रात्री अख्खी गल्ली पुरुषांविना असते. लाईटचं वेळापत्रक मिळवा आणि वहीत लिहा.

प्रत्येक गल्लीसाठी दिवसाचे तास आणि वर्षाचे महिने मांडा. कोणत्या तासांना, कोणत्या महिन्यांत हाकेच्या अंतरावर माणूस उचलू शकेल असं कुणीच नसतं, तो रकाना लाल करा. घरोघरीची पाहणी त्या लाल तासांतच करायची.

तपासा : तुम्ही पाहणी आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) किंवा कानबाईच्या सणाच्या दिवसांत तर ठेवली नाही ना? त्या दिवसांत सुरत-पुण्याची पोरं आणि माहेरवाशिणी घरी आलेल्या असतात. गाव गजबजलेलं असतं आणि सगळं ठीक दिसतं.

टप्पा ३ : घर

इथे घाई करू नका. एका घराला अर्धा-पाऊण तास द्या. "अडचण आहे का" हा प्रश्न विचारूच नका. विचारायचं ते असं : मागच्या वेळी कुठे पडलात किंवा पडता पडता वाचलात? रात्री किती वेळा उठता? उठल्यावर आधी कशाला धरता?

*रात्रीची वाट.* पहिल्यांदा बाजेपासून संडासापर्यंतची वाट पाहा. आजींना म्हणा, रात्री जाता तशाच जाऊन दाखवा. त्यांच्या मागे चला आणि त्यांचा हात कुठे टेकतो ते बघत राहा. जुन्या घरांत दाराच्या चौकटीशेजारी, मोरीच्या कोपऱ्यावर, भिंतीला हाताच्या उंचीवर एक काळपट, तेलकट डाग असतो. रोज तिथे हात टेकून टेकून तो पडलेला असतो. चुना लावला तरी तो पुन्हा उमटतो. आधाराची दांडी नेमकी तिथेच हवी. गवंडी स्वतःच्या सोयीने दुसरीकडे बसवतो आणि मग ती दांडी टॉवेल वाळवायला उपयोगी पडते.

दांडी जमिनीपासून साधारण ८० ते ९० सेंटिमीटर उंचीवर, भिंतीत पक्की. नळाच्या पाइपला धरून चालणाऱ्या माणसाला आधी थांबवा, तो पाइप कधीतरी निखळतो. उंबऱ्याला आणि ओट्याच्या पायऱ्यांच्या कडांना पांढरा किंवा पिवळा पट्टा मारा, मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना तो दिसतो. बाजेवरून हात पोचेल असं दिव्याचं बटण. मोरीतली शेवाळलेली फरशी घासून खरखरीत करून घ्या. बाज ढिली होऊन झोळ आला असेल तर ताणून घ्या, कारण त्या झोळातून उठतानाच तोल जातो. बसल्यावर पाय जमिनीला पूर्ण टेकायला हवेत.

*तीन मीटरची चाचणी.* खुर्चीवरून उठणं, तीन मीटर चालणं, वळणं, परत येऊन बसणं. बारा सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर त्या माणसाला पडण्याचा धोका जास्त, असं धरा. चाचणी घेताना एकाने शेजारी उभं राहायचं. नेहमीची काठी वापरू द्या.

*कूलर.* लोखंडी पत्र्याचे कूलर, ओली फरशी आणि अनवाणी पाय, एवढं जीव जायला पुरतं, आणि जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात घरोघरी हे तिन्ही असतं. तीन पिनांचा प्लग आहे का, अर्थिंग खरोखर जमिनीत गेलेलं आहे का, वायर कुठे सोललेली आहे का, हे वायरमनने पाहायचं. पत्र्याला टेस्टर लावल्यावर दिवा लागला तर पिन काढून कूलर त्याच क्षणी बाजूला. दिवा लागला नाही म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका, अर्थिंग तपासायचंच. घरासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवणं हा या सगळ्या यादीतला सर्वांत मोलाचा खर्च आहे, माझ्या मते कॅमेऱ्याच्या कितीतरी आधीचा. आणि नियम एकच, पिन काढल्याशिवाय कूलरमध्ये पाणी ओतायचं नाही. आजी-आजोबांनी ते काम करायचंच नाही, शेजारच्या पोराने सकाळी करायचं.

*ऊन.* पारा ४४-४५ च्या पुढे गेला की पत्र्याच्या खोलीत नुसता पंखा गरम हवाच अंगावर फेकतो. म्हाताऱ्या माणसाला तहान लागलेली कळत नाही, आणि रात्री उठावं लागेल म्हणून कित्येक आजी मुद्दाम पाणी कमी पितात. हे त्या आपणहून सांगत नाहीत, विचारावं लागतं. गावात धाब्याचं, जाड भिंतींचं एखादं गार घर किंवा मंदिराचा सभामंडप दुपारी बारा ते चार सगळ्यांना बसायला ठरवून ठेवा. ब्लड प्रेशरची, लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल त्यांना उन्हाळ्याआधी डॉक्टरांकडे न्या. गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही.

इशारा : उन्हाळ्यात म्हातारं माणूस असंबद्ध बोलू लागलं, अंग तापलं, भोवळ आली, तर तो उष्माघात समजा. सावलीत घ्या, अंगावर पाणी शिंपडून वारा घाला, १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

*दार.* आतून कडी आणि आगळ लावून झोपायची सवय असते. चोर येत नाही हे खरं, पण पडलेल्या माणसापर्यंत मदतही पोचत नाही. बाहेरून किल्लीने उघडेल असं कुलूप बसवा आणि जादा किल्ली शेजारी ठेवा. ती कुणाकडे ठेवायची हे आजींनी ठरवायचं, पथकाने किंवा मुलाने नाही.

*भिंतीलगतचा ढीग.* जळणाच्या पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडं) घराच्या भिंतीला लावून रचलेल्या असतील तर त्या हलवा. साप आणि विंचू तिथेच राहतात. जमिनीवर झोपणाऱ्यांना बाज द्या, मच्छरदाणी गादीखाली खोचायला सांगा.

टप्पा ४ : मदत पोचते का, ते करून बघा

इशारा : १०८ किंवा ११२ ला खोटा फोन करून चाचणी घ्यायची नाही. त्या वेळी दुसऱ्या कुणाला तरी खरी गाडी लागत असते.

चाचणी गावापुरती करा. लाल तासात आजींना त्यांच्याच फोनवरून पहिल्या नंबरला फोन लावायला सांगा. बरंच काही लगेच समोर येतं. फोन चार्ज नाही, रिचार्ज संपलंय, नंबर मुलाचा आहे आणि मुलगा सुरतेला आहे. पहिला नंबर गावात असणाऱ्या माणसाचाच हवा, दुसरा शेजारच्या बाईचा, मुलाचा तिसरा. फोन कपाटात नको, गळ्यात किंवा कमरेच्या पिशवीत हवा.

मग पत्ता. खान्देशात एका नावाची गावं ढिगाने आहेत. चाळीसगावकडे टाकळी प्र.चा. आहे आणि टाकळी प्र.दे.ही आहे. पिंप्री, वडगाव, पिंपळगाव तर कितीतरी. घाबरलेला माणूस फोनवर नुसतं "टाकळी" म्हणतो. म्हणून फोनजवळ भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा : गावाचं पूर्ण नाव, बुद्रुक की खुर्द, तालुका, जिल्हा, गल्ली, मोठी खूण. त्याखाली नंबर. ॲम्ब्युलन्स १०८, पोलीस आणि इतर तातडी ११२, ज्येष्ठांची हेल्पलाईन १४५६७ (सकाळी ८ ते रात्री ८), पैशांच्या ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३०.

ॲम्ब्युलन्स गल्लीत शिरते का, की बैलगाड्या आणि ट्रॅक्टरने वाट अडते, ते मोजपट्टीने बघा. जिथे शिरत नाही तिथून खाट कोण उचलणार ते नावानिशी ठरवा. नंदुरबार जिल्ह्यात अक्राणी, अक्कलकुव्याच्या पाड्यांवर अजूनही बांबूच्या झोळीतून माणूस रस्त्यापर्यंत आणावा लागतो. तिथे झोळी, चार खांदे आणि गाडी थांबण्याची जागा आधीच पक्की हवी. नदीकाठच्या गल्लीत पावसाळ्यासाठी हेच करा. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस तितूर आणि डोंगरी नद्यांना पूर येऊन चाळीसगावात आणि आसपासच्या गावांत पाणी घुसलं होतं. अंथरुणावरच्या माणसाला कोण उचलणार, हे पाणी दारात आल्यावर ठरवता येत नाही.

गल्लीतल्या दोन-तीन जणांना एवढं तरी शिकवा :

१. पडलेल्याला काखेत धरून ओढून उठवू नका. एक पाय आखूड झालेला आणि बाहेर वळलेला दिसला तर खुब्याचं हाड मोडलं असं समजा. हलवू नका, १०८.
२. तोंड वाकडं, एक हात लुळा, बोलणं जड, यांतलं काहीही अचानक झालं तर तो पक्षाघाताचा झटका असू शकतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि त्याआधी सीटी स्कॅन लागतो. तेल चोळण्यात किंवा आधी गावठी औषध करून पाहण्यात वेळ गेला तर हात कायमचा जाऊ शकतो. सीटी स्कॅनची सोय असलेला जवळचा दवाखाना कोणता, ते आजच लिहून ठेवा.
३. शेवटचं जेवण, औषधं आणि त्रास सुरू झाल्याची वेळ लिहून सोबत द्या.

खुंटीला एक पिशवी टांगून ठेवा. आधारची झेरॉक्स, औषधांच्या चिठ्ठ्या, जुने रिपोर्ट, आणि वय ७० किंवा त्याहून जास्त असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड. ते काढलं नसेल तर काढून घ्या, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार त्यावर मिळतात आणि उत्पन्नाची अट नाही.

टप्पा ५ : पैसा आणि दारात येणारी माणसं

फसवणाऱ्यांच्या तऱ्हा फारशा बदलत नाहीत. दागिने चमकवून देतो म्हणून पोत आणि पाटल्या मागून घेणारे. "पुढे चोरी झाली, अंगठी काढून रुमालात बांधा" म्हणणारे नकली पोलीस. केवायसी बंद होईल असा फोन. व्हिडिओ कॉलवर अटक झाल्याचं सांगणारे. पोलीस असे फोनवर कुणाला अटक करत नाहीत आणि रस्त्यात दागिने काढायला सांगत नाहीत, हे वाक्य पाठ करून घ्या.

अंगठ्याकडे मात्र जास्त लक्ष द्या. श्रावणबाळ किंवा संजय गांधी योजनेचे पैसे काढताना आजी अंगठा देतात. "उमटला नाही, पुन्हा द्या" म्हणून दोनदा अंगठा घेतला, पण पैसे एकदाच हातात दिले, असं होऊ शकतं. प्रत्येक अंगठ्याला पावती मागायची आणि महिन्यातून एकदा बँकेत पासबुक भरून आणायचं. आधारचं बायोमेट्रिक कुलूपबंद करून फक्त पैसे काढताना उघडण्याची सोय आहे, चौकशीसाठी १९४७.

घरातल्या त्रासाबद्दलचा प्रश्न मुला-सुनेसमोर विचारू नका. आशा ताईंनी वेगळ्या वेळी, एकट्याने विचारायचा. जेवण वेळेवर मिळतं का, औषधाचे पैसे कोण देतं, सही कशावर घेतली, एवढं विचारलं तरी कळतं. शेत किंवा घर मुलाच्या नावावर करायचं चाललं असेल तर बक्षीसपत्रात "सांभाळ करण्याच्या अटीवर" हे शब्द लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली, सांभाळ झाला नाही तर असा व्यवहार रद्द करून मागता येतो, आणि अट कागदावर असली की बाजू भक्कम होते. निर्वाहाचा अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडे करता येतो. आजी-आजोबांनी सांगितलेलं पथकाच्या वहीत लिहू नका, त्यांच्या संमतीशिवाय पुढे नेऊ नका.

टप्पा ६ : रोजची खूण

इथवरचं सगळं करून हा टप्पा राहिला तर पडल्यापासून कळेपर्यंतचा वेळ तेवढाच राहतो.

प्रत्येक एकट्या माणसाची रोजची एक खूण ठरवा. सकाळी सात वाजता ओट्यावर सडा पडतो. दुधाचं भांडं आत जातं. खिडकीचं एक दार उघडतं. खूण त्यांच्या रोजच्या कामातलीच हवी, नवं काम दिलं तर चार दिवसांत विसरतं. लाल तासांसाठी दुसरी खूण, दुपारी तीनच्या सुमाराची.

खूण पाहणारी माणसं दोन ठेवा. एकच असली की ती लग्नाला गेली त्या दिवशी साखळी तुटते. दूधवाला, दळण आणणारा पोरगा, समोरची सासूबाई, कुणीही चालेल. आणि खूण दिसली नाही तर फोन करत बसायचं नाही. अर्ध्या तासात दारापर्यंत जायचं, हाक मारायची, उत्तर नसेल तर जादा किल्ली. बहुतेक ठिकाणी गडबड इथेच होते. "झोपल्या असतील", "मुलीकडे गेल्या असतील" म्हणून वाट पाहिली जाते. मुलीकडे जाताना किल्लीवालीला सांगून जायचं, हे आजींशीही ठरवून घ्या.

तपासा : त्यांच्या संमतीने एक दिवस खूण मुद्दाम द्यायची नाही. पाहणाऱ्यांना सांगू नका. दार वाजेपर्यंत किती मिनिटं गेली ते लिहा. हाच तुमच्या गावाचा खरा आकडा. तो तासाच्या वर असेल तर माणसं बदला.

टप्पा ७ : ग्रामसभेपुढे काय न्यायचं

नावं नाहीत, फक्त कामं. कोणत्या खांबावर दिवा नाही, कोणत्या गटारीवर फरशी हवी, कोणत्या गल्लीतून गाडी जात नाही, किती घरांत अर्थिंग नाही. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात ही कामं ओळीने लिहून घ्या आणि ठरावाची नक्कल मागा. दांडी, पट्टा, बाज ताणणं असली कामं ग्रामसभेपर्यंत थांबवू नका, ती पाहणीच्याच आठवड्यात उरका.

पाहणी वर्षातून दोनदा, उन्हाळ्याआधी फेब्रुवारीत आणि वेचणीआधी सप्टेंबरात. त्याशिवाय चार प्रसंगी त्याच आठवड्यात त्या घरी जायचं : जोडीदार गेला, दवाखान्यातून घरी आणलं, डोळ्याचं ऑपरेशन झालं, किंवा सोबत राहणारा मुलगा गाव सोडून गेला. त्या घराची खूण पुन्हा ठरवा आणि यादीतली जागा बदला.